मुखवट्याची आतली बाजू

शलाका दाभाडे सावरखिंडीला आली ती सहा आठवड्यांसाठी. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला एखाद्या संस्थेत इंटर्नशिप केल्याशिवाय पदवी मिळत नसे. वर्गातल्या बाकीच्यांनी नाशिकच्या औषध कंपन्यांमध्ये जागा पटकावल्या. शलाकाला अर्ज करायला उशीर झाला आणि यादीच्या तळाशी उरलेलं नाव तिच्या वाट्याला आलं: बोहाडा कला मंडळाचं मुखवटा संग्रहालय, जव्हारपासून तासभर पुढे.

संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेच्या दोन खोल्या. तिथले व्यवस्थापक, माहिती सांगणारे आणि झाडलोट करणारे एकच गृहस्थ होते, काशिनाथ भोये. वय एक्केचाळीस, अंगानं काटक, बोलणं सावकाश. घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी तशी त्यांनी पहिल्या दिवशी एकेका मुखवट्याची ओळख करून दिली.

"बोहाड्यात एकेक सोंग एकेका घराचं असतं," ते म्हणाले. "चैत्रात गावदेवीपुढे त्या घरचाच माणूस ते नाचवतो. मारुती महालांचा, रावण गावितांचा. हा नृसिंह आमचा. चार पिढ्या आणि पाच तोंडं त्यानं बघितलीत. पाचवं माझं."

त्यांनी मुखवटा खाली काढून उलटा केला. आतून तो खडबडीत होता, जुन्या धोतराच्या आणि लुगड्याच्या तुकड्यांनी मढवलेला.

"मुखवटा नव्या माणसाकडे आला की तो आतून कापडाचा एक थर लावतो. चिंचोक्याच्या खळीनं. सगळ्यात आतला पणजोबांचा, मग आजोबांचा, मग लक्ष्मणकाकाचा, मग बापाचा. वरचा माझा."

"आधीच्या माणसाचा घाम लागू नये म्हणून?"

"छे. आधीच्या माणसाला झाकून ठेवायचं म्हणून."

मग ते सहज, पण थोड्या अभिमानानं म्हणाले, की नृसिंह नाचवणाऱ्याला त्यांच्या घरात देव सोडत नाही. आजोबांना सोडलं नाही, लक्ष्मणकाकाला सोडलं नाही. सोंग उतरलं तरी अंग नाचत राहायचं. हात, खांदे, मान, अगदी मरेपर्यंत. आजोबांच्या पाया पडायला लांबलांबची माणसं यायची.

"आणि तुमच्या वडिलांना?"

"त्यांना छत्तिसाव्या वर्षी साप चावला. देवाला वेळच मिळाला नाही."

शलाकानं वहीत लिहून घेतलं. तिला ती एक सुंदर दंतकथा वाटली.

तिचं इथलं काम पुण्याच्या एका प्रकल्पासाठी होतं आणि त्या प्रकल्पाचं यंत्र तिच्याबरोबर आलं होतं. शिलाई मशीनएवढं ते धूड होतं आणि त्याला थरवाचक म्हणत. जुन्या चित्रांची नक्कल ओळखण्यासाठी ते आधी बनवलं गेलं. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, की रंग, खळ आणि लाख वाळताना भोवतालचं सगळं काचेत कोंडल्यासारखं धरून ठेवतात. त्वचेचे कण, घाम, थुंकीचे शिंतोडे. उघड्यावर काही महिन्यांत कुजणारी माणसाची जनुकं या पापुद्र्यांमध्ये शंभर वर्षंसुद्धा टिकलेली असत. थरवाचक केसाहून बारीक किरणानं हव्या त्या खोलीवरच्या थरापर्यंत पोहोचून तिथले थोडे रेणू उचलायचा आणि वाचायचा. वस्तूला पडलेलं छिद्र भिंगाशिवाय दिसायचं नाही.

प्रकल्पाचं काम होतं या भागातल्या रोगांचा इतिहास लिहिण्याचं. इथल्या माणसांच्या आजारांची नोंद कुठल्या सरकारी दप्तरात नव्हती, पण त्यांनी तोंडाला लावलेल्या मुखवट्यांत ती होती. क्षय कधी आला, हिवताप कुठल्या दशकात वाढला, हे यंत्र थराथरातून काढी. प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. वर्षा मोडक पुण्यात बसून निकाल बघत. संमतीपत्रावर काशिनाथांनी मंडळाच्या वतीनं सही केली होती. त्यात लिहिलं होतं, 'वस्तूच्या अभ्यासास हरकत नाही.'

शलाकाची राहायची सोय काशिनाथांच्याच घरी होती. रोशनी ही त्यांची एकुलती मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे घरात बापलेक दोघंच. रोशनी वीस वर्षांची, जव्हारला डी.एड. करत होती. चार दिवसांतच दोघी एकमेकींना अगंतुगं करू लागल्या. सकाळी मोहाखाली फुलं वेचायला जाताना रोशनी तिला हाक मारून उठवी. तिचं लग्न मोखाड्याच्या एका मुलाशी ठरत आलं होतं. त्याचं नाव मिलिंद. तो वनखात्यात होता आणि फोनवर फारच थोडं बोलायचा, अशी तिची तक्रार होती.

चौथ्या आठवड्यात शलाकानं नृसिंहाचा मुखवटा यंत्राखाली ठेवला.

पणजोबांच्या थरात हिवताप सापडला. ते अपेक्षितच होतं. पण त्याखाली यंत्रानं आणखी एक ओळ लाल केली होती. शलाकानं ती वाचली, मग खुर्ची पुढे ओढून पुन्हा वाचली.

माणसाच्या चौथ्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. त्यात तीन अक्षरांचा एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. बहुतेकांमध्ये तो वीसेक वेळा येतो आणि काही बिघडत नाही. चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा आला, की मेंदूच्या खोल भागातल्या पेशी मध्यमवयात हळूहळू मरू लागतात. हातपाय आपोआप हलतात, नाचल्यासारखे. मग स्वभाव बदलतो, संताप अनावर होतो, बोलणं जातं, शेवटी गिळणंही. याला हंटिंग्टनचा आजार म्हणतात. आईबापांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आणि बापाकडून येताना त्या शब्दाची संख्या अनेकदा वाढते. जितकी जास्त, तितका आजार लवकर.

पणजोबांच्या थरात चाळीस होते. आजोबांच्या थरात बेचाळीस. लक्ष्मणकाकांच्या थरात पंचेचाळीस.

ती थांबली, पाणी प्यायली आणि चौथा थर लावला. सापानं मारलेल्या बापाच्या थरात त्रेचाळीस होते.

पडद्यावर प्रश्न आला: पाचवा थर वाचायचा का? तिनं यंत्र बंद केलं. बाहेर काशिनाथ शाळेच्या मुलांना रावणाची गोष्ट सांगत होते आणि मुलं हसत होती.

मोडक मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"फार मोलाचा निकाल आहे," त्या म्हणाल्या. "नावं काढून टाक. थर एक, थर दोन, इतकंच ठेव. आणि तिथं कुणाला काही सांगायचं नाही."

"मॅडम, त्यांना औषध मिळू शकतं. मुंबईत ते इंजेक्शन देतात आता. मणक्यात, सहा महिन्यांनी एकदा. लक्षणं दिसायच्या आत किंवा अगदी सुरुवातीला सुरू केलं तर आजार दहा-पंधरा वर्षं पुढे ढकलता येतो."

"माहितीये मला." मॅडमचा आवाज चढला नाही. "दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात आपल्याच एका विद्यार्थ्यानं असंच सांगितलं. त्या भावकीतल्या सात मुलींची लग्नं मोडली, शलाका. त्यातल्या चौघींना आजार नव्हताच. आपण वस्तू वाचतो, माणसं नाही. त्यांनी आपल्याला त्यांचं नशीब वाचायची परवानगी दिलेली नाही. मी नीतिसमितीकडे अर्ज करते. तीन-चार महिने लागतील."

शलाकाला त्यांचं म्हणणं खोडून काढता येईना. दोन दिवस ती लेबलं लिहीत बसली. जेवताना काशिनाथांच्या हातांकडे बघायचं नाही असं ठरवी आणि तिकडेच बघत राही. त्यांचे हात स्थिर होते. पण तिसऱ्या दिवशी ते पायरीवर बसलेले असताना तिला त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा दिसला. तो मधूनच उचलला जात होता, कुणी दोरीनं ओढावा तसा.

तिला पुष्कळदा वाटलं, की न सांगणं सोपं आहे आणि नियमही तेच सांगतो. पण नियमात एक फट होती. सांगायचं नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. विचारायचं नाही, असं म्हणाल्या नव्हत्या. ही आपण स्वतःशी केलेली लबाडी आहे हे तिला कळत होतं.

"काका," ती त्यांच्याजवळ बसली. "यंत्राला तुमच्या मुखवट्यात घराण्याबद्दल काही सापडलंय. आजाराबद्दल. ते जाणून घ्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. नको म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

काशिनाथांनी हलणारा अंगठा डाव्या पायाखाली दाबून धरला.

"देव सोडत नाही, तेच ना?"

"हो."

"तो देव नाही?"

शलाका गप्प राहिली. तेवढ्यानं त्यांना कळलं.

"सांग," ते म्हणाले.

तिनं सगळं सांगितलं, त्या तीन अक्षरांच्या शब्दापासून. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "बापाच्या थरातपण?" ती हो म्हणाली. साप चावला नसता तर देवाला वेळ मिळाला असता, हे त्यांनी मनात जुळवलेलं तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आणि माझा थर?"

"मी उघडला नाही. तो तुमचा आहे. कळून घ्यायचं असेल तर मुंबईच्या दवाखान्यात रक्त देऊन कळेल. तिथं आधी बोलतात, समजावतात."

"दवाखान्यात जाईनच. पण आधी इथं बघायचंय. माझ्या नृसिंहासमोर."

"काका, मला तो अधिकार नाही."

"थर माझा आहे म्हणालीस ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी संग्रहालयाचं दार आतून लावलं, मुखवटा स्वतः उचलून यंत्राखाली ठेवला आणि हात जोडून उभे राहिले. निकाल यायला अकरा मिनिटं लागली.

सत्तेचाळीस.

"म्हणजे आहे."

"आहे, काका."

त्यांनी मान हलवली, मुखवटा उचलून जागेवर टांगला आणि तो सरळ टांगला गेलाय का, हे दोन पावलं मागे जाऊन बघितलं. "अंगठा दिवाळीपासून हलतोय," ते म्हणाले. "मला वाटत होतं, यंदा आपला नंबर लागला. बरं वाटलं होतं मला. खरं सांगतो, बरं वाटलं होतं."

मग ते खाली बसले आणि तोंडावर टॉवेल धरला.

रोशनीला त्यांनी स्वतः सांगितलं, भर दुपारी, परसात. शलाका आत होती, तिला शब्द ऐकू येत नव्हते. मग रोशनी दारात येऊन उभी राहिली.

"तू आमच्यात राहिलीस," ती म्हणाली. "माझ्याबरोबर फुलं वेचलीस. आणि आमच्या पणजोबाला उघडून बघितलंस."

"रोशनी, मला माहीत नव्हतं काय निघेल."

"आता माहीत आहे ना? मग मला सांग, मी काय करू? मिलिंदला काय सांगू? तुझ्यात निम्मं मरण असेल किंवा नसेल, असं?"

निम्मी शक्यता हा शलाकानं वर्गात शिकलेला शब्द होता, तिथं तो फळ्यावर दोन चौकटींत मावायचा.

"मला तपासायचं नाही," रोशनी म्हणाली. "आत्ता नाही. माझं मी ठरवीन. आणि कुणी मला विचारायचं नाही. तू तर अजिबात नाही."

त्या संध्याकाळी तिनं मिलिंदला फोन केला आणि होतं तसं सांगितलं. त्यानं विचार करायला वेळ मागितला. आठवडा गेला, त्या घरून फोन आला नाही.

मोडक मॅडमना शलाकानं स्वतःच कळवलं. त्या ओरडल्या नाहीत, पण नियमाप्रमाणे कॉलेजला पत्र गेलं. इंटर्नशिप अपूर्ण धरली गेली, पदवी एक वर्ष लांबली. यंत्र परत नेण्यासाठी शनिवारी जीप येणार असं ठरलं. पत्राच्या शेवटी मॅडमनी एकच वाक्य वेगळं लिहिलं होतं: 'मुंबईच्या डॉक्टरांशी मी बोलले आहे, भोयेंना सोमवारी पाठवावे.'

शुक्रवारी काशिनाथ म्हणाले, "हे माझ्या एकट्याचं नाही. आजोबांची भावकी सहा घरांत पसरली आहे. त्यांना सांगायला पाहिजे. तू चल. मला त्या शब्दांचं नीट सांगता येणार नाही."

"काका, त्या गावातल्या मुलींचं काय झालं ते मी सांगितलं होतं तुम्हाला."

"ऐकलंय. म्हणून गावात नाही सांगायचं. घरात सांगायचं. आणि आधी विचारायचं, तू मला विचारलंस तसं."

दोघं सकाळपासून पायी फिरले. दोन घरांनी ऐकून घेतलं आणि पत्ता लिहून मागितला. एका घरानं, आम्हाला काही कळून घ्यायचं नाही, असं सांगून चहा दिला. एका चुलतभावानं काशिनाथांना अंगणातूनच परत पाठवलं. तू देव बाटवलास, असं तो म्हणाला. काशिनाथांनी उलट उत्तर दिलं नाही. पाचव्या घराला कुलूप होतं.

सहावं घर ठकीकाकींचं. लक्ष्मणकाकांची बायको. वय सहासष्ट, मूलबाळ नाही. पाड्याच्या टोकाला एकट्याच राहायच्या. वाटेत काशिनाथांनी सांगितलं, की काकांना देव धरल्यावर चार वर्षांनी काकी त्यांना सोडून माहेरी निघून गेली. देवाच्या माणसाला टाकलं म्हणून गावानं तिला कधी माफ केलं नाही. काका शेतातल्या खोपटात एकटेच वारले. त्यानंतर ती परत आली, पण बोहाड्याला ती कधी पुढे येऊन बसली नाही.

काकी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. त्यांनी दोघांना घोंगडी टाकून दिली. काशिनाथांनी आधी विचारलं, मग शलाकानं सांगितलं, शक्य तितक्या साध्या भाषेत. काकी फुलं पसरत राहिल्या.

"नाचणं आजाराचं होतं," त्या म्हणाल्या.

"हो, काकी."

"आणि मारणं?"

शलाकानं काशिनाथांकडे बघितलं. ते खाली बघत होते.

"हातात येईल त्यानं मारायचा," काकी म्हणाल्या. "लग्नानंतर बारा वर्षं त्यानं मला वाकडा शब्द ऐकवला नव्हता. मग कोयता घेऊन मागे लागायचा. लोक म्हणायचे, नृसिंह आहे, त्याचा राग सोसायला पाहिजे. मला वाटायचं, देव कशाला मारील. हाच मारतोय. याला मी नकोशी झालेय."

"या आजारात तसं होतं," शलाका हळू म्हणाली. "मेंदूचा जो भाग राग आवरतो, तोच आधी जातो. त्यांना आवरता येत नसणार. ते मुद्दाम करत नव्हते."

काकींचे हात थांबले. ऊन फुलांवर आलं होतं आणि अंगणभर गोडसर, आंबूस वास पसरला होता.

"मग मी उगाच गेले," त्या म्हणाल्या.

"नाही काकी," काशिनाथ म्हणाले. "तू गेली नसतीस तर जिवंत राहिली नसतीस. मी लहान होतो, पण मी बघितलंय."

"तसं नाही म्हणत मी. जायला पाहिजेच होतं. पण त्याला शिव्याशाप देत गेले. तेवढं नव्हतं द्यायला पाहिजे."

शलाकानं नुसतं पुढे होऊन फुलं पसरायला हात लावला, आणि काकींनी तिला लावू दिला.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्याचं तिथं काय लिहून ठेवलंय? कागदावर?"

"थर तीन, पुरुष, वय अंदाजे चाळीस," शलाका म्हणाली. "नाव नाही. नावं लिहायची नाहीत, असा नियम आहे."

"आजोबांचंपण नाही?" काशिनाथांनी विचारलं.

"कुणाचंच नाही."

"इतकी वर्षं त्याला सगळे देवच म्हणाले," काकी म्हणाल्या. "आता तुम्ही नुसता आकडा लिहिणार."

त्यांनी काशिनाथांकडे पाहिलं. काशिनाथांनी मान डोलावली. शलाकानं पिशवीतून वही काढली. उद्या यंत्र जाणार होतं, प्रकल्पाच्या नोंदीत तिला काही बदलता येणार नव्हतं. पण संग्रहालयाची दाखलनोंद मंडळाची होती, आणि त्या नोंदीत कुणाचं नाव असावं हे ठरवायचा हक्क या दोघांचा होता.

"सांगा," ती म्हणाली.

काकींनी पदर डोक्यावर नीट ओढून घेतला. ओठ हलले, पण शब्द आला नाही. लग्न झाल्यापासून त्यांनी ते नाव तोंडानं कधी घेतलं नव्हतं. जिवंत होता तेव्हा रीत म्हणून, आणि गेल्यावर रागानं. काशिनाथ मदतीला पुढे झुकले, तशा त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"लक्ष्मण," त्या म्हणाल्या. मग घसा साफ करून, शाळेत हजेरी घेतात तसं मोठ्यानं म्हणाल्या, "लक्ष्मण धाकल्या भोये. लिही."

शलाकानं लिहिलं.